‘सोबत कोण आलंय?’ : किशोरांच्या मानसोपचारामागची नव्वद वर्षे

सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर केसपेपर काढायला नाव, वय, पत्ता पुरतो. अडतं ते पुढे, मानसोपचार ओपीडीच्या टेबलाशी: “सोबत कोण आलंय?” सोळा-सतरा वर्षांचं पोर एकटंच आलं असेल तर त्याच्याकडे याचं उत्तर नसतं. किशोरांसाठीच्या सोयी आपल्याकडे गेली जवळपास नव्वद वर्षं वाढत आल्या, पण बहुतेक सगळ्या मोठ्यांनी हाताला धरून आणलेल्या मुलासाठी आखलेल्या. स्वतःहून आलेल्याचा विचार अगदी अलीकडचा आणि तोही अर्धामुर्धा.

सुरुवात मुंबईत झाली. १९३६ साली नागपाड्यात सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली (आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था). १९३७ मध्ये तिने देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. पद्धत अमेरिकेत रुळलेली होती: मानसोपचारतज्ज्ञ मुलाला तपासणार, मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेणार आणि सामाजिक कार्यकर्ता घरी-शाळेत चौकशी करणार. १९३८ मध्ये जे. जे. रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. यात पत्त्याला उपचारांइतकंच महत्त्व होतं. तोवर मनाचा आजार म्हटला की येरवडा, ठाणे, नागपूर नाहीतर रत्नागिरीचं ‘वेड्यांचं इस्पितळ’. जे. जे.च्या जिन्यावर मात्र कोण खोकल्यासाठी आलंय आणि कोण झोप लागत नाही म्हणून, हे बघणाऱ्याला कळत नव्हतं.

कायदा मागेच राहिला. १९१२ चा ल्युनसी अ‍ॅक्ट (वेड्यांविषयीचा ब्रिटिशकालीन कायदा) जाऊन १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, तो लागू व्हायला १९९३ उजाडलं. सोळा वर्षांखालच्यांसाठी वेगळी रुग्णालयं काढण्याची तरतूद त्यात होती, पण दाखल होण्याचा अर्ज पालकानेच करायचा. याच सुमारास, १९९० मध्ये, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ उभी केली आणि हा विषय रुग्णालयाबाहेर, पालक-विद्यार्थ्यांपर्यंत नेला.

मुलाने आपणहून यावं ही कल्पना सरकारी कागदावर ठळकपणे आली ती ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात. वयोगट १० ते १९, सहा विषय, त्यातला एक मानसिक आरोग्य. महाराष्ट्रात या कार्यक्रमातल्या किशोरांसाठीच्या आरोग्य केंद्रांना ‘मैत्री’ क्लिनिक म्हणतात. कल्पना चांगली, घोडं अडतं वेळेवर: ओपीडीची वेळ तीच शाळेची. शिवाय तालुक्याच्या गावात बाकावर बसलेलं पोर ओळखीच्या माणसाला दिसतंच.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. महानगरांत ते १३.५ होतं. हे आकडे आपल्याकडे सर्रास वापरतात. पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे मात्र कुणी सांगत नाही.

मानसिक आरोग्याचा सध्याचा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू. त्याचं कलम ८७ अल्पवयीनांना दाखल करण्याबद्दल आहे आणि ते कडक आहे. दोन तज्ज्ञांनी, त्यातला किमान एक मानसोपचारतज्ज्ञ, मुलाला दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेलं हवं. बाहेर राहून उपचार जमत नाहीत, हे दिसलेलं हवं. मुलाला प्रौढांपासून वेगळं ठेवायचं, पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत राहणार. ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. मुक्काम तीस दिवसांवर गेला की मंडळाने फेरतपासणी करायची. विजेचे उपचार पालकांची संमती आणि मंडळाची आगाऊ परवानगी असल्याशिवाय नाहीत.

दाखल करण्याची इतकी बारकाईने आखलेली रीत, पण ओपीडीत एकट्याने आलेल्या मुलासाठी अशी वेगळी रीत नाही. म्हणून बरेच डॉक्टर पहिल्या भेटीत ऐकून घेतात आणि गोळ्या लिहिण्याआधी पालकांना बोलावतात. याला निव्वळ कागदी भीती म्हणता येणार नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलांत अस्वस्थता, आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये तसा ठळक इशारा छापायला लावला. गोळ्यांची पाकिटं कपाटात बंद ठेवणारं आणि मुलाकडे लक्ष देणारं मोठं माणूस घरात हवंच. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून परस्पर गोळ्या बंद करणारं माणूसही बहुधा तेच असतं.

दुसरी अडचण पोक्सोची, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याची. २०१२ च्या या कायद्याने संमतीचं वय सोळावरून अठरा केलं आणि कलम १९ ने पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं. सतरा वर्षांच्या मुलीने राजीखुशीच्या शरीरसंबंधाबद्दल सांगितलं, तरी समुपदेशक गप्प बसू शकत नाही. म्हणून जाणते समुपदेशक पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकतात की जिवाला धोका आणि लैंगिक अत्याचार सोडून बाकी सगळं आपल्यातच राहील, आणि अत्याचार म्हणजे कायद्याच्या लेखी काय. हे शेवटी सांगितलं तर मूल पुन्हा येत नाही.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही, चोवीस तास, फुकट बोलता येतं आणि सोबत कुणी असावं लागत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं. त्याची खोली मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी असेल, तर तिथे मुलं आपणहून जाणं कठीण आहे.