मालवणी मसाला आणि कांदा-लसूण मसाला: वाटण बाहेर की मसाल्यातच?

मालवणी मसाला आणि कांदा-लसूण मसाला बरण्यांत भरून शेजारी ठेवले, तर लांबून ओळखू येत नाहीत. दोन्ही लालभडक, दोन्हींचा पाया सुक्या लाल मिरचीचा, दोन्ही उन्हाळ्यात कुटून ठेवायचे, आणि घरात दोन्हींना नाव एकच, ‘घरचा मसाला’. म्हणून एक संपला की दुसरा घालून वेळ मारून नेली जाते. मग मटणाच्या रश्श्याला काढ्यासारखा वास का आला, किंवा बांगड्याचं कालवण खारट का झालं, ते कळत नाही.

खरा भेद वाटणाचा आहे. मालवणी मसाला म्हणजे मिरची आणि गरम मसाल्यांची कोरडी पूड. कांदा, लसूण, खोबरं यांचं वाटण स्वयंपाकाच्या वेळी वेगळं करायचं, हे त्यात धरलेलंच असतं. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या कांदा-लसूण मसाल्यात तेच वाटण तळून, मीठ लावून मिरचीबरोबर कुटलेलं असतं. प्रमाण, भाजण्याची रीत, टिकण्याची मुदत आणि पातेल्यात घालायची वेळ, सगळं यावरूनच ठरतं.

बरणीवर चिठ्ठी नसेल तर चिमूटभर मसाला कागदावर दाबून घासा. तेलाचा डाग उमटला तर तो कांदा-लसूण मसाला. मुठीत आवळल्यावर त्याचा गोळा होतो, मालवणी मसाला बोटांतून गळून पडतो. वासाला पहिल्यात लसूण आणि भाजलं खोबरं पुढे येतं, दुसऱ्यात धणे, बडीशेप आणि लवंग.

मिरची

मिरची दोन्हींत साधारण सारखीच चालते, म्हणून तिच्याबद्दल एकदाच सांगतो. बेडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीसाठी आणि बेताच्या तिखटासाठी, लवंगी निव्वळ झणझणीतपणासाठी. बेडगी हे नाव कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून आलं. या मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. चांगली बेडगी गडद लाल, सुरकुतलेली असते आणि हलवली की आत बिया खुळखुळतात. पांढुरके किंवा पिवळट डाग पडलेली मिरची ओल लागलेली असते. ती निवडून टाकून द्या. अशा दोन-चार मिरच्यांची बुरशी सगळ्या मसाल्याला वास लावते.

तिखटपणा बियांत असतो असं सगळे म्हणतात. तो असतो बिया ज्या पांढऱ्या पडद्याला चिकटलेल्या असतात त्यात. बियांमुळे पुडीचा रंग मात्र फिका होतो. म्हणून रंग हवा असेल तर बेडगीच्या थोड्या बिया झाडून टाका. तिखट कमी हवं असेल तर लवंगी कमी करा, बिया काढत बसू नका.

मिरच्यांना दोन दिवस कडक ऊन द्या. देठं ऊन दिल्यावरच काढा, आधी काढली तर आत ओल आणि धूळ शिरते. खालची वजनं देठं काढल्यानंतरची आहेत, त्यामुळे अर्धा किलो मिरचीसाठी थोडी जास्तच आणा. मोडल्यावर कट्कन आवाज आला पाहिजे. नुसतीच वाकली तर मिक्सरमध्ये पूड न होता तुकडे फिरत राहतात.

मालवणी मसाला

बेडगी ३०० ग्रॅम, संकेश्वरी २०० ग्रॅम. धणे २५० ग्रॅम. बडीशेप ४०, हळकुंड ३०, जिरे २५, मिरी २५, खसखस २५, दालचिनी २०, लवंग १५, दगडफूल १५, मोहरी १५, शहाजिरे १०, चक्रीफूल १०, मसाला वेलची १०, खडा हिंग १०, नागकेशर ५, जायपत्री ५, तमालपत्र ५ ग्रॅम आणि एक जायफळ. एकूण सुमारे एक किलो मसाला होतो. माशांसाठी तिरफळं यात कुटू नका. ती कालवणात ऐन वेळी ठेचून घातली की जास्त लागतात.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, आणि इथे कंटाळा करून चालत नाही. धणे आणि दगडफूल एकाच कढईत पडले, तर धणे खमंग होईपर्यंत दगडफूल जळून जातं. धणे मंद आचेवर रंग एक छटा गडद होईपर्यंत, मिरी-लवंग गरम होऊन वास सुटेपर्यंत, दगडफूल आणि जायपत्री कढई उतरवल्यावर उरलेल्या धगीवर. खसखस शेवटी, ती तडतडायला लागली की लगेच काढायची. जायफळ भाजू नका, फोडून ठेवा. दगडफुलात माती आणि सालीचे कण असतात; ते आधी चाळणीत चोळून घ्या, नाहीतर रश्शात दाताखाली कचकच लागते.

तेल लागतं ते हळकुंड आणि हिंगापुरतं, दोन चमचे. हळकुंड फुगून हलकं होईपर्यंत तळून खलबत्त्यात फोडा. हिंगाचा खडाही फुलला पाहिजे. आतून चिवट राहिला तर तो कुटला जात नाही आणि एखाद्याच वाटीत सगळा हिंग उतरतो.

मिरच्या तव्यावर फक्त गरम करा, अर्ध्या मिनिटाच्या वर नाही. करपलेल्या मिरचीचा कडवटपणा वर्षभर पुरतो. गूळ, खोबरं काहीही घाला, तो झाकला जात नाही. कडक ऊन मिळालं असेल तर मिरची तव्यावर घेऊच नये, असं आमचं मत आहे.

आधी मिरची कुटून चाळा, मग चाळणीतला चोथा भाजलेल्या मसाल्यांबरोबर पुन्हा फिरवा. मिक्सर असेल तर थोडं थोडं घ्या आणि भांडं तापलं की थांबा, कारण गरम झालेल्या पुडीतून वास तिथेच उडून जातो. कांडपावर देणार असाल तर आधीच्या गिऱ्हाईकाचं काय कुटलं ते विचारा. कांदा-लसूण मसाला कुटला असेल तर त्याचं तेल आणि लसूण तुमच्या कोरड्या मसाल्यात येतं. अशा वेळी पहिला मूठभर मसाला बाजूला काढून तो आठवड्याभरात संपवावा.

कांदा-लसूण मसाला

बेडगी २५० ग्रॅम, संकेश्वरी १५०, लवंगी १००. धणे १२५, तीळ ५०, खसखस २५, जिरे २५, हळकुंड २५, सुकं खोबरं २०० ग्रॅम. कांदा अर्धा किलो, लसूण १५०, आलं ५०. लवंग, मिरी, दालचिनी, दगडफूल प्रत्येकी १०, चक्रीफूल आणि मसाला वेलची प्रत्येकी ५, मेथ्या ५, हिंग १० ग्रॅम. खडे मीठ १२५ ग्रॅम, तेल २०० मिली. सुक्या जिनसा वरच्याच रीतीने भाजायच्या. मेथ्या तांबूस झाल्या की काढा, पुढे गेल्या की कडू होतात.

यात जोखीम आहे ती कांद्याची आणि लसणीची. कांद्याच्या वजनात ८५ ते ९० टक्के पाणी असतं, लसणीत ६० टक्क्यांच्या आसपास. अर्धा किलो कांदा नीट सुकला तर जेमतेम ६०-७० ग्रॅम उरतो, तेल सोडून. बाकीचं पाणी घालवणं हेच या मसाल्याचं निम्मं काम, आणि पावसाळ्यात बुरशी येते ती बहुतेक वेळा इथे घाई केल्यामुळे.

कांदा उभा, पातळ आणि एकसारखा चिरा. जाड-पातळ फोडी असतील तर पातळ जळतात आणि जाड आतून ओल्याच राहतात. ऊन असेल तर कापडावर पसरून दोन दिवस वाळवा, चामट झाला की तळा. ऊन नसेल तर मध्यम आचेवर अर्धा तास तरी लागेल. कांदा सोनेरी-तपकिरी झाला की लगेच निथळून काढा, कारण बाहेर आल्यावरही तो थोडा वेळ गडद होत राहतो. गार झालेला तुकडा बोटांनी मोडून बघा. चुरा झाला तर काम झालं. वाकला तर परत कढईत.

लसूण काही घरांत सालीसकट घेतात, चवीला फरक पडत नाही. पाकळ्या ठेचून फिकट तपकिरी तळा, त्यापुढे गेल्या की कडू लागतात. आल्याचे पातळ काप कडक होईपर्यंत तळा. लसूण कच्ची कुटून घालायचीही पद्धत आहे आणि तिचा झणका खरोखर वेगळाच असतो. पण तो मसाला बाहेर ठेवायचा नाही. ओली लसूण तेलाखाली, हवा न लागता, खोलीच्या तापमानाला राहिली तर तिच्यात विषबाधा करणारे जंतू वाढू शकतात, आणि वास-चवीवरून ते कळत नाही. कच्च्या लसणीचा मसाला थोडाच करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.

खोबरं किसून बदामी रंगावर भाजा. वाटी आतून पिवळी पडली असेल किंवा साबणासारखी चव लागली तर ती खवट झालेली असते, घेऊ नका. खडे मीठ तव्यावर परतून कोरडं करा.

कुटताना क्रम चुकला तर मसाल्याचा लगदा होतो. आधी मिरची, मग कोरडे मसाले. खोबरं, तीळ, खसखस वेगळं आणि थांबत थांबत फिरवायचं, सलग फिरवलं की तेल सुटतं. शेवटी कांदा, लसूण, आलं मिठाबरोबर. मग सगळं परातीत हाताने कालवून पुन्हा एकदा फिरवा. तळणीचं उरलेलं तेल कोमट असताना वरून चोळा. लाल रंग तेलात विरघळतो, म्हणूनच या मसाल्याच्या रश्श्याला तो दाट लाल कट येतो.

एकाच्या जागी दुसरा

वरच्या प्रमाणात मालवणी मसाला एक किलो होतो, कांदा-लसूण मसाला तेल-मीठ धरून जवळपास १ किलो ४०० ग्रॅम. मिरची दोन्हींत अर्धाच किलो. म्हणजे मालवणी मसाल्यात निम्मी मिरची आणि कांदा-लसूण मसाल्यात एक तृतीयांशाच्या आसपास. लवंगीमुळे तिखटपणा बराच भरून निघतो. गरम मसाल्याचं तसं नाही. जिऱ्यासकट मोजलं तर मालवणी मसाल्यात तो १५ टक्के, कांदा-लसूण मसाल्यात ५ टक्के. तांबड्या रश्श्यात चार मोठे चमचे कांदा-लसूण मसाला बिनधास्त पडतो. तेवढाच मालवणी मसाला घातला तर लवंग-दालचिनीचा मारा जवळपास तिप्पट होतो. काढ्यासारखा वास येतो तो यामुळे.

कांदा-लसूण मसाल्याऐवजी मालवणी वापरायचाच असेल तर चारऐवजी दीड चमचा घ्या, उरलेलं तिखट साध्या लाल तिखटाने भरून काढा, आणि एक कांदा, सात-आठ लसूण पाकळ्या, दोन चमचे खोबरं लाल परतून वाटून घाला. मीठही वेगळं लागेल.

उलट केलं तर अडचण मिठाची. कांदा-लसूण मसाल्यात साधारण ९ टक्के मीठ आहे. चार मोठे चमचे म्हणजे ४० ग्रॅम धरले, तर साडेतीन ग्रॅम मीठ मसाल्यातूनच येतं, म्हणजे अर्ध्या छोट्या चमच्याहून जास्त. मसाला शिजेपर्यंत वरचं मीठ घालू नका. कोंबडीच्या रश्श्यात अशी अदलाबदल निभावते, ओल्या खोबऱ्याचं वाटण निम्मं करा म्हणजे झालं. माशांच्या कालवणात मात्र करू नका. सोलांच्या आंबटात तळलेल्या कांद्याचा गोडसरपणा वर येतो, आणि लसणीपुढे माशाची चव उरतच नाही. त्यापेक्षा साधं लाल तिखट आणि धणेपूड बरी.

पातेल्यात घालायची वेळही वेगळी. मालवणी मसाला कोरडा असल्याने तापल्या तेलात काही सेकंदांत जळतो. कांदा परतल्यावर, आच कमी करून घाला आणि लगेच पाण्याचा हबका किंवा वाटण. कांदा-लसूण मसाल्यातला कांदा आधीच तळलेला आहे, तो थेट कडकडीत तेलात पडला की काळा होतो. दोन चमचे पाण्यात कालवून घाला आणि दहा मिनिटं मंद उकळू द्या, तोवर कट वर येत नाही. भाकरीबरोबर कच्चं तेल घालून खायला फक्त हाच चालतो. मालवणी मसाला कच्चा घशाला लागतो.

साठवण

कोणताही मसाला कुटल्याबरोबर बरणीत भरू नका. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम भरला तर झाकणाला आतून पाणी धरतं आणि तेच थेंब मसाल्यात पडतात. मालवणी मसाला काचेच्या कोरड्या बरणीत, अंधारात, मध्ये हिंगाचे दोन खडे ठेवून वर्षभर राहतो. उजेडात ठेवला तर आधी रंग जातो, मग वास. तळलेला कांदा-लसूण मसाला बाहेर सहा महिने धरावा. त्यापुढे तीळ-खसखशीचं तेल खवट व्हायला लागतं, म्हणून अर्धा फ्रीजरमध्ये टाका आणि लागेल तसा छोट्या बरणीत काढा. ही बरणी चमच्याने दाबून भरा, पोकळी राहिली की तिथली हवा खोबरं आधी बिघडवते. ओला चमचा घातल्यावर मालवणी मसाल्यात गाठी होतात. त्या मोडून, ऊन देऊन मसाला वाचवता येतो. कांदा-लसूण मसाल्यात ओल शिरून पांढरा ठिपका दिसला तर वरचा थर काढून बाकीचा वापरू नका, सगळी बरणी टाकून द्या.