सेगिस्मुंदो रोमेरो

स्पेनमधील सेव्हिया शहराचे चेलोवादक. ‘ऑर्केस्ता बेतिका दे कामारा’ हा छोटा वाद्यवृंद उभारण्यात आणि चालवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. वृंदाशी नाव जोडले जाते ते संगीतकार मानुएल दे फाया (१८७६–१९४६) यांचे. पण फाया राहत ग्रानादात आणि वादक होते सेव्हियात. हे अंतर रोमेरो आणि सेव्हिया कॅथेड्रलचे संगीतप्रमुख एदुआर्दो तोरेस यांनी सांधले. ‘बेतिका’ हे नाव बेतिस, म्हणजे ग्वादाल्किविर नदीच्या रोमन नावावरून आले.

‘दोन किशोत’ (डॉन क्विक्झोट) या स्पॅनिश कादंबरीतील कळसूत्री बाहुल्यांच्या प्रसंगावर फायांनी तीन गायकांसाठी छोटी संगीतिका रचली. २३ मार्च १९२३ रोजी सेव्हियाच्या सान फेर्नांदो नाट्यगृहात ती प्रथम सादर झाली. तेव्हा जमलेल्या वादकांतूनच पुढे वृंद घडला. ११ जून १९२४ रोजी योरेन्स नाट्यगृहात वृंदाची पहिली मैफल झाली. संचालक एर्नेस्तो हाल्फ्तर तेव्हा अवघे १९ वर्षांचे होते.

अशा वृंदाचे व्यवस्थापन हे निम्मे संगीताचेच काम असते. फायांच्या या संगीतिकेत फ्लूट, क्लॅरिनेट, बासून आणि ट्रंपेट ही फुंकवाद्ये प्रत्येकी एकच आहेत. मोठ्या वृंदात एखादा व्हायोलिनवादक आला नाही तरी निभावते. इथे क्लॅरिनेटवादक आला नाही तर तालीमच अडते. म्हणून तारीख ठरवताना आधी या एकेकट्या वादकांना विचारावे, मग तंतुवादकांना. बदली वादकाच्या हाती त्याचा भाग, म्हणजे त्याच्या वाद्याची स्वरलिपी, आधीच पोचलेला हवा. तंतुवाद्ये आणि फुंकवाद्ये यांची तालीम आधी वेगवेगळी घ्यावी लागते. थेट एकत्र बसवले तर ट्रंपेट आणि हॉर्न मोजक्या तंतुवाद्यांना झाकून टाकतात. हाताने उतरवलेल्या भागांत वादकाने किती मात्रा गप्प राहायचे हे उतरवताना एखाद्याने चुकवले असेल, तर ती चूक वाजवतानाच सापडते आणि तालमीचा वेळ खाते.

दुसरी अडचण रचनांची. इतक्या लहान संचासाठी लिहिलेले संगीत थोडे. त्यामुळे फॉन या अर्धमानव वनदेवावरील फ्रेंच संगीतकार डेब्युसी यांच्या ‘प्रेल्यूड’ या वाद्यवृंदरचनेची लहान आवृत्ती फायांनी १९२४ मध्ये स्वतः बेतली. मुळात तिला तीन फ्लूट, चार हॉर्न आणि दोन हार्प लागतात. रोसिनीच्या ‘सेव्हियाचा न्हावी’ या ऑपेराची नांदीही त्यांनी वृंदासाठी अशीच बसवून दिली.

१९३९ मध्ये फाया अर्जेंटिनाला गेले. रोमेरोंना त्यांनी लिहिलेली पत्रे १९७६ मध्ये ग्रानादात पुस्तकरूपाने निघाली.