शालेय पाठबळ (ग्रामीण विदर्भ)

मजुरीवर किंवा कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घरातले मूल शाळेत टिकावे आणि शिकावे, यासाठी शासन, शिक्षक, संस्था आणि गाव जी मदत करतात ती. विदर्भाच्या खेड्यांत या मदतीचा खरा कस लागतो तो वेळेवर.

कडक उन्हाळ्यामुळे येथील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नेमकी तेव्हाच पेरणीची घाई असते आणि घरातला पैसा बियाण्या-खतांत गेलेला असतो. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. वह्या, दप्तर, चपला मात्र मागे पडतात. लगेच भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाची रोवणी येते, दिवाळीच्या सुमारास वऱ्हाडात कापूस वेचणी, मार्च-एप्रिलमध्ये जंगलपट्ट्यात मोहफुले. आईबाप दिवसभर वावरात असल्याने धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण घरी राहते आणि तिचाच अभ्यास बुडतो. आईबाप ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले तरी मूल गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण ती कुटुंबे निघून गेल्यावर सुरू झाली, तर मूल केव्हाच गाडीत बसलेले असते.

शालेय पोषण आहार १९९५ मध्ये सुरू झाला. आधी ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ मिळे, पुढे शाळेतच शिजवलेली खिचडी आली. सकाळी उपाशी निघालेल्या मुलाला दुपारी गणित समजते ते या ताटामुळे.

मेळघाटात घरी कोरकू, भामरागडात माडिया बोलली जाते. त्यामुळे पहिलीतल्या मुलाला पुस्तकातली मराठीच परकी वाटते. अशाच मुलांसाठी भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाने (प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांची संस्था) १९७६ मध्ये आश्रमशाळा काढली. राहण्या-जेवणाची सोय करून शिकवण्याची ही वाट वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीच्या श्रद्धानंद छात्रालयात त्याआधीच घालून दिली होती. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत.

सर्वांत मोठी गळती आठवीनंतर होते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता आहे आणि नववीचा वर्ग बहुधा दुसऱ्या गावात असतो. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, पण गाडी शाळेच्या वेळेला नसेल तर पास दप्तरातच राहतो. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली आणि त्यांच्यासाठी वेगळ्या बसगाड्या दिल्या जातात, त्या याच अडचणीवर.