नवे कटिंग मशीन: पहिले पान कापण्याआधी

आमच्या दुकानातून कागद कापायचे मशीन घरी गेले की दुसऱ्या दिवशी फोन येतो. "मोबाइलमधला गणपतीचा फोटो टाकला, पण कापतच नाही." मशीन बिघडलेले नसते. ते फक्त रेघ ओळखते. आतले ब्लेड डावीउजवीकडे सरकते, मॅटवर (चिकट प्लॅस्टिकच्या शीटवर) चिकटवलेला कागद मागेपुढे होतो, आणि या दोन हालचालींतून रेघ कापली जाते. फोटोत आपल्याला गणपती दिसतो, मशीनला रंगीत ठिपके. म्हणून फोटो आधी सॉफ्टवेअरमध्ये 'ट्रेस' करून त्याच्या रेघा काढाव्या लागतात. त्यासाठी काळेपांढरे, ठळक कडांचे चित्र घ्या. घरातल्यांच्या फोटोवर पहिल्याच दिवशी प्रयोग नको.

फाइल घेताना एसव्हीजी घ्या, तिच्यात रेघाच असतात. मशीन क्रिकट कंपनीचे असेल तर तिचे डिझाइन स्पेस हे सॉफ्टवेअर ती उघडते, मात्र त्याला खाते काढावे लागते. सिल्हूट कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या फुकट मिळणाऱ्या बेसिक आवृत्तीत एसव्हीजी उघडत नाही, डीएक्सएफ ही रेघांचीच दुसरी फाइल उघडते. हे आम्ही विकतानाच सांगतो, तरी विसरले जाते. ब्रदर कंपनीच्या स्कॅन-एन-कट मशीनमध्ये स्कॅनर आतच आहे. आजींनी कागदावर काढलेली रांगोळी थेट त्यात घालता येते, संगणक लागत नाही.

मशीन कुठे ठेवायचे? भिंतीला टेकवून नक्की नाही. कापताना मॅट मागे बाहेर येते, तिला फूटभर मोकळी जागा हवी. पंख्याखालीही नको, सुटे तुकडे उडतात.

कागद आणि मॅट

शिकायला 180 ते 250 जीएसएमची (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) साधी, गुळगुळीत कार्डशीट घ्या. झेरॉक्सचा कागद 70-80 जीएसएमचा असतो, तो मॅटवरून काढतानाच फाटतो. ग्लिटर शीट ब्लेड लवकर बोथट करते. हँडमेड कागदाची जाडी एकाच पानात कमीजास्त असते, त्यामुळे एक कोपरा कापतो आणि दुसरा तसाच राहतो. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि कडांना लव येते. गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

नवी मॅट फार चिकट असते. तिच्यावर जुना सुती शर्ट दोनचार वेळा दाबून उचला, मग कागद लावा. कागद नीट बसवायला रोलर नसेल तर लाटणे चालते (पीठ पुसून!). कापून झाल्यावर कागद ओढू नका, त्याची गुंडाळी होते. मॅट पालथी करा, कागद टेबलावर दाबून धरा आणि मॅट वाकवत वर सोलून घ्या. काम झाले की वरची प्लॅस्टिकची फिल्म परत लावा. चिकटपणा गेला तर कोमट पाणी आणि थोडा साबण लावून धुवा, सावलीत वाळवा. उन्हात नको.

ट्रायल कट टाळू नका. पानाच्या कोपऱ्यात लहानसा चौकोन कापून बघा. कापले गेले नाही तर प्रेशर एकदम वाढवू नका, तीच रेघ दोनदा कापायला सांगा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मॅट बाहेर काढण्याआधी एक कोपरा नखाने उचलून बघा. अर्धवट कापले असेल तर मॅट आत असतानाच पुन्हा चालवता येते. एकदा बाहेर काढली की तीच जागा परत जुळत नाही.

मराठी अक्षरे कापताना

सोबत येणाऱ्या इंग्रजी पुस्तिकेत हे सापडणार नाही. आमचे पहिले 'स्वागतम्' एका मुंजीच्या तोरणासाठी होते. स्क्रीनवर सुरेख दिसले, आणि मॅटवरून उचलले तर शिरोरेघेचे तुकडे हातात आले. देवनागरीत प्रत्येक अक्षर स्वतःची शिरोरेघ घेऊन येते आणि शेजारच्या अक्षरावर किंचित चढते. आपल्याला ती सलग दिसते, मशीन मात्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापते. म्हणून कापण्याआधी सगळी अक्षरे सॉफ्टवेअरमध्ये 'वेल्ड' करायची, म्हणजे जोडून एकच आकार करायचा.

काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. अशा वेळी इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर वापरा. तिथे युनिकोड फाँटमध्ये शब्द लिहा, अक्षरांचा पाथ करा (म्हणजे त्यांच्या रेघा होतात), 'युनियन' करा (इथले वेल्ड) आणि एसव्हीजी सेव्ह करा.

एवढे करूनही 'मंगल'मधला अनुस्वार सुटाच राहतो, तसेच 'नमः'चे दोन ठिपके. ते वाटीत जपून ठेवा आणि मागून चिकटवा, नाहीतर बारीक पट्टीने अक्षराला जोडून घ्या. स्टेन्सिल (अक्षराच्या जागी भोक असलेला साचा) करताना याच्या उलट पंचाईत होते. 'व', 'ब', 'ठ' यांच्या पोटातला भाग गळून पडतो, तिथे बारीक पूल ठेवावे लागतात. रुखवताच्या पाट्यांसाठी जाड फाँट निवडा. पातळ लफ्फेदार अक्षर एक इंचाच्या खाली टिकत नाही, हा आमचा अनुभव.

ब्लेड

कोपरे फाटू लागले की आधी ब्लेडच्या टोकाला अडकलेला कागदाचा कण बघा. ॲल्युमिनियम फॉइलच्या गोळ्यात टोक दहाबारा वेळा टोचले की ते साफ होते. धार मात्र त्याने येत नाही, बोथट ब्लेड बदलावेच लागते. कागदाचे ब्लेड वेगळे, स्टिकरचे वेगळे ठेवा.

उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) आधी दर वर्षी कोणीतरी पतंगाचा कागद घेऊन दुकानात येते. इतका पातळ कागद ब्लेड कापत नाही, ओढून फाडते. पतंगाला आपली कात्रीच बरी. त्याच आकाराची कार्डशीटची तोरणे मात्र झकास होतात.

पहिले पान आमच्या दांडिया बाजारच्या दुकानात बसून कापायचे असेल तर मशीन, अडॅप्टर, मॅट आणि चालू चार्जरसह लॅपटॉप घेऊन या. दुपारी एक ते चार दुकान बंद असते.