आंधळ्या कोशिंबिरीत ‘ब्लफ’ नाही

आपल्या आंधळ्या कोशिंबिरीला इंग्रजीत काय म्हणतात, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, ‘ब्लाइंड मॅन्स ब्लफ’. आणि ब्लफ म्हणजे थाप, म्हणून हा फसवाफसवीचा खेळ, असा अर्थही जोडून देतात. अमेरिकेत ‘ब्लफ’ हा उच्चार रूढ आहे हे खरं, पण मूळ शब्द ‘बफ’. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ ठोसा, फटका. पूर्वी हा खेळ चांगलाच दांडगा होता. ज्याच्यावर राज्य त्याच्या डोक्यावरची सैल कापडी टोपी (हूड) उलटी ओढून डोळे झाकायचे आणि बाकीचे आपापल्या टोप्यांना गाठ मारून त्याला फटके द्यायचे. चौदाव्या शतकातल्या एका हस्तलिखितात, ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात, असं चित्रच आहे. फटके गेले, नाव राहिलं.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण लाक्षणिक अर्थ त्यावरच उभा आहे. इंग्रजीत एखाद्या धोरणाला कुणी या खेळाचं नाव दिलं, तर आरोप लबाडीचा नसतो. काही दिसत नसताना चाचपडत चालल्याचा असतो. मराठीतही तेच. माती परीक्षण न करता, शेजाऱ्याने टाकली म्हणून युरियाची दोन पोती टाकणारा शेतकरी आंधळी कोशिंबीर खेळतो. तो कुणाला फसवत नाही. म्हणून भाषांतरात तिथे ‘बनवाबनवी’ लिहू नका. ‘आंधळी कोशिंबीर’च लिहा.