रंग 'रन' होतो म्हणजे काय होतं?

मागच्या महिन्यात आईसाठी एक सुती कुर्ता घेतला, गर्द जांभळा. आत छोटंसं लेबल होतं, 'कलर्स मे रन, वॉश सेपरेटली'. आईने ते वाचलं आणि मला विचारलं, अगं रंग पळतो म्हणजे काय? क्रिकेटमधले रन तिला माहीत आहेत, सर्दी झाली की रनी नोज म्हणतात हेही माहितीय, पण रंगाचं पळणं काही तिला पटेना. मी म्हटलं, म्हणजे रंग सुटतो आणि दुसऱ्या कपड्यांना लागतो. तिचं समाधान झालं, पण मी मात्र त्या शब्दाच्या मागेच लागले.

तर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात मोठी नोंद होती 'सेट' या शब्दाची, क्रियापद म्हणून त्याचे ४३० च्या आसपास अर्थ. पुढे नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं तेव्हा पीटर गिलिव्हर या संपादकांनी 'रन' हातात घेतला, तब्बल नऊ महिने त्या एका शब्दावर बसले आणि ६४५ अर्थ निघाले. हे फक्त क्रियापदाचे हां, नाम म्हणून जे अर्थ आहेत ते वेगळेच.

एवढे अर्थ एका शब्दाला चिकटतात कसे? इथे मला जर्मन भाषेची मदत झाली. जर्मनमध्ये याच मुळातून आलेला 'रिनन' असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ वाहणे, झिरपणे. म्हणजे या शब्दात पाय आणि पाणी दोन्ही फार जुन्या काळापासून आहे. नदी रन होते, नळ रन होतो, नाक रन होतं, रंगही तसाच. कुर्ता पहिल्यांदा भिजवला तेव्हा मी मुद्दाम बादलीशी बसून बघितलं, कापडातून बारीक जांभळ्या रेघा निघत होत्या आणि पाण्यात हळूहळू खाली जात पसरत होत्या, अक्षरशः वाहत होत्या. मग न थांबता चालू राहणं एवढाच धागा पकडून शब्द पुढे सरकत गेला, मशीन रन व्हायला लागलं, ट्रेन रन व्हायला लागली, माणसं दुकान रन करायला लागली आणि विसाव्या शतकात कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम रन झाला. प्रत्येक अर्थ आधीच्या अर्थापासून एकच पाऊल लांब, पण पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवले तर नातं दिसतच नाही. भाषाशास्त्रात याला अनेकार्थता म्हणतात. क्रिकेटची बॅट आणि वटवाघूळ या अर्थाचा बॅट यांचं तसं नाही, ते मुळातच दोन वेगळे शब्द आहेत, उच्चार योगायोगाने एक झाला.

आणि निवडणुकीला अमेरिकेत उमेदवार रन करतो, ब्रिटनमध्ये स्टँड करतो. आपल्याकडेही तो उभाच राहतो.

अमेरिकेतल्या जॉर्ज झिफ या अभ्यासकाने १९४५ मध्येच दाखवलं होतं की जो शब्द जास्त वापरला जातो त्याला अर्थही जास्त असतात, साधारण हिशोब असा की शंभरपट वापर असेल तर दहापट अर्थ. पण मग ऐकणाऱ्याचा गोंधळ का होत नाही? यावर मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांचा १९७९ चा प्रयोग मला फार आवडतो. लोकांना हेडफोनवर वाक्य ऐकवलं, खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर 'बग्ज' सापडले अशा अर्थाचं. इंग्रजीत बग म्हणजे किडा आणि चोरून ऐकायचा मायक्रोफोन पण. तो शब्द कानावर पडला त्याच क्षणी समोर स्क्रीनवर अक्षरं यायची आणि हा खरा शब्द आहे की नाही हे पटकन बटण दाबून सांगायचं. वाक्यात कोळी झुरळं एवढं सगळं असूनसुद्धा मुंगी आणि गुप्तहेर हे दोन्ही शब्द लोकांनी शिवणे यासारख्या संबंध नसलेल्या शब्दापेक्षा लवकर ओळखले! म्हणजे मेंदूने क्षणभर दोन्ही अर्थ उघडले होते. तीच परीक्षा तीन सिलेबल नंतर, म्हणजे वाक्य जरासं पुढे सरकल्यावर, घेतली तेव्हा फक्त मुंगीचा फायदा उरला होता, गुप्तहेराचं दार तोपर्यंत बंद झालं होतं आणि ऐकणाऱ्याला यातलं काहीच कळलं नव्हतं.

हे वाचलं आणि मला खरंच भारी वाटलं, कारण आपण दिवसभर हेच करत असतो. २०१२ मध्ये भाषेचे अभ्यासक स्टीव्हन पियान्टाडोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की अनेकार्थता हा भाषेचा दोष नाहीच, उलट ती सोय आहे. संदर्भावरून अर्थ कळणारच असेल तर दरवेळी नवा लांबलचक शब्द कशाला, छोटा, तोंडाला सोपा शब्दच परत वापरावा. मला हे अगदी पटतं, कारण वर पहिल्याच परिच्छेदात रंग कपड्यांना लागतो आणि मी शब्दाच्या मागे लागले असं लागोपाठ लिहिलंय आणि वाचताना तुम्ही कुठे अडला असाल असं वाटत नाही. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, झोप लागते. स्टँडवर कोणी ओरडलं, बस लागली, की आपण पिशव्या उचलतो, आणि घाटात शेजारची बाई म्हणाली की मला बस लागते, तर हात आपोआप लिंबू शोधायला जातो.