प्लास्टिकच्या पाटीवरची शाई: हवा, ऊन, भट्टी आणि दिवा

पऱ्हाटीच्या वावरात धुऱ्यावर रोवलेली बियाण्याची पाटी, कृषी केंद्राच्या दारातला फलक, घरावर ठोकलेला घर क्रमांक. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी अशी कामे आजही स्क्रीनवर, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई ढकलून, छापून मिळतात. जाळी तीच, डिझाइन तेच, तरी एक पाटी दोन पावसाळे काढते आणि दुसरीवरचे नाव पहिल्याच झडीत नखाने निघते. दोष बहुधा छपाईत नसतो. छपाईनंतरच्या काही तासांत शाई कशाने वाळली आणि ती आतपर्यंत पक्की झाली का, यावर पाटीचे आयुष्य ठरते. शाई वाळवण्याच्या चार पद्धती गेल्या शंभरेक वर्षांत एकामागून एक आल्या. जुन्या पद्धती मात्र मोडीत निघाल्या नाहीत, चारही आज शेजारी शेजारी चालू आहेत, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी 1907 मध्ये रेशमी जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले, तेव्हा जाळीतून ढकलला जाणारा माल म्हणजे घट्ट तेलरंगच होता. जवसाच्या तेलावर बेतलेला हा रंग थिनर उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन तेलाच्या रेणूंना एकमेकांत गुंफतो आणि थर घट्ट होतो. कोबाल्ट किंवा मँगनीजचे ड्रायर, म्हणजे वाळण्याचा वेग वाढवणारे क्षार, घातले तरी त्याला आठ-बारा तास लागतात. पेंटर टिनाच्या बोर्डावर ज्या इनॅमलने अक्षरे काढत, त्याचे रसायन हेच. कागद आणि लाकूड रंग थोडा पितात, टिनाला आधी प्रायमर मारलेला असतो. प्लास्टिक काहीच पीत नाही. इनॅमल त्यावर नुसते पापुद्र्यासारखे बसते आणि शीट वाकली की तडकते. मऊ पीव्हीसीवर तर आणखी वाईट: शीटमधले मऊपणा देणारे तेल वर झिरपते आणि रंग महिनाभर चिकटच राहतो.

ॲक्रिलिकच्या शीट 1930 च्या दशकात बाजारात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पाट्यांच्या धंद्यात शिरल्या. पाठोपाठ पीव्हीसी आले. पॉलिप्रॉपिलीन 1954 मध्ये इटलीत जुलिओ नात्ता यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले आणि 1957 पासून कारखान्यात बनू लागले. शाईवाल्यांना तेल सोडावे लागले. विनाइल किंवा ॲक्रिलिक राळ द्रावकात, म्हणजे थिनरच्या जातीच्या उडून जाणाऱ्या द्रवात, विरघळवून नवी शाई बनली. द्रावक उडाला की राळ आणि रंगद्रव्य मागे उरते, रासायनिक बदल काही होत नाही. सायक्लोहेक्झॅनोनसारखा द्रावक पीव्हीसीचा पृष्ठभाग किंचित विरघळवतो, शाई त्यात रुतते आणि पकड मिळते. पण तोच द्रावक ॲक्रिलिकला जपून द्यावा लागतो. करवतीने कापलेल्या किंवा तापवून वाकवलेल्या ॲक्रिलिकमध्ये ताण अडकलेला असतो. द्रावक लागला की काही दिवसांत कडेने केसासारख्या भेगा दिसतात. असा तुकडा आधी 80 अंशांवर काही तास तापवून सावकाश थंड केला तर ताण निघतो. पातळ पॉलिस्टायरीन तर जोरदार द्रावकाने सरळ सुरकुततेच.

हीच द्रावकाची शाई विदर्भातल्या गावांत मुक्कामाला आली आणि टिकली. भांडवल कमी लागते: लाकडी फ्रेम, नायलॉन किंवा पॉलिएस्टरची जाळी, शाई ओढायची रबरी पट्टी म्हणजे स्क्वीजी, तारांचा रॅक. डिझाइन जाळीवर उतरवण्यासाठी लावलेले, प्रकाशाने घट्ट होणारे बायक्रोमेटचे लेपन काचेखाली ठेवून थेट उन्हात एक्स्पोज करता येई. भट्टीची गरज नाही, आणि असती तरी 2000 च्या दशकात दिवसाला दहा-बारा तासांचे भारनियमन असताना ती चालवणार कशी? त्यातच 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, वाणांची गर्दी झाली आणि धुऱ्यावरच्या पाट्यांचे काम वाढले. या पाटीला खरिपाचा एक हंगाम काढायचा असतो. तेवढ्यासाठी स्वस्त, उन्हात वाळणारी शाई पुरेशी मानली गेली. हिशेब चुकीचा नव्हता, फक्त उन्हावरचा विश्वास जरा जास्त होता.

साध्या आकड्यांत पाहू. सेंटीमीटरला 77 ते 100 धाग्यांच्या जाळीतून साधारण 25 ते 30 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ओला थर बसतो. शाईत घन भाग 30 ते 40 टक्के, म्हणजे वाळल्यावर उरतात दहाएक मायक्रॉन. बाकी सगळा द्रावक थराच्या वरच्या पृष्ठभागातूनच बाहेर पडायचा असतो. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत पाटी अंगणात ठेवली की 45 अंशांच्या हवेत काळ्या शाईचा पृष्ठभाग 65 च्या पुढे जातो. वरचा थर मिनिटा-दोन मिनिटांत आवळतो, दुधावर साय धरावी तसा, आणि खालचा द्रावक कोंडतो. हाताला पाटी कोरडी लागते. संध्याकाळी पन्नास-पन्नासचा गठ्ठा बांधला की रात्रीतून वजनाने आणि उबेने शाई मऊ होते आणि सकाळी वरच्या शीटच्या पाठीला अक्षरे चिकटलेली निघतात. फोमच्या पीव्हीसी शीटचे आणखी एक दुखणे: तिचा मऊ पडण्याचा टप्पा याच तापमानाच्या आसपास असल्याने ती उन्हात द्रोणासारखी वळते आणि परत सपाट होत नाही.

म्हणून उन्हाळ्यात सावली आणि वारा या दोनच गोष्टी उपयोगी. शीट रॅकवर एकेक सुटी, पंख्याचा झोत रॅकच्या आडवा, पाऊण-एक तास. त्यानंतरही गठ्ठा बांधायला किमान एक रात्र जाऊ द्यावी आणि मध्ये बटर पेपर घालावा. गरम हवेची पेटी असेल तर 50 ते 55 अंशांच्या वर नेऊ नये. शंका असली तर शाईला नाक लावावे. द्रावकाचा वास येत असेल तर आत अजून ओल आहे.

त्याच महिन्यात छापणाऱ्याची दुसरी तक्रार जाळी जाम होण्याची. द्रावक शीटवर उडतो तसा जाळीच्या छिद्रांतही उडतो, बारीक अक्षरे आधी बुजतात. उपाय म्हणून 5 ते 10 टक्के रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारा द्रावक, घालतात आणि दर ओढीनंतर जाळीवर शाईचा पातळ थर पसरून ठेवतात. पण जितका रिटार्डर जास्त तितका रॅकवरचा वेळ जास्त, हे विसरले की गठ्ठा चिकटतो. कूलरचा झोत टेबलावर घेण्याची सवयही नडते, जाळी वाळते आणि खोलीत दमटपणाही भरतो.

दमटपणाचे खरे दर्शन जुलै-ऑगस्टमध्ये होते. द्रावक भराभर उडताना थराची उष्णता घेऊन जातो. पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली उतरला की हवेतली वाफ ओल्या शाईवर बसते आणि लाल-काळ्या रंगावर पांढुरकी झाक येते. अशा वेळी घाईने जलद थिनर घालणे म्हणजे रोग वाढवणे. सावकाश थिनर, बंद दारे, थोडी उबदार खोली, आणि गोदामातली शीट आधी खोलीच्या तापमानाला आणणे, एवढ्याने झाक बहुतांशी जाते. कोरड्या हिवाळ्यात उलटे: शीटवर स्थिर वीज साठते, कडेने शाईचे बारीक तंतू उडतात आणि धूळ ओढली जाते. टेबलाला अर्थिंग, किंचित ओल्या फडक्याने पुसणे आणि जाळी-शीटमधले अंतर 2-3 मिलिमीटरवर ठेवणे पुरते.

सनपॅकची, म्हणजे पाट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या आतून पोकळ शीटची, गोष्ट मात्र वेगळी, कारण ते पॉलिप्रॉपिलीन आहे. कोणत्याही नेहमीच्या द्रावकाचा त्याच्यावर परिणाम होत नाही, म्हणून शाई रुतत नाही. डेन्मार्कच्या व्हर्नर आयस्बी यांनी 1951 च्या सुमारास विकसित केलेल्या कोरोना प्रक्रियेने हा मार्ग मोकळा झाला: उच्च दाबाच्या विजेच्या ठिणग्यांखालून प्लास्टिक नेले की त्याचा पृष्ठभाग ऑक्सिजन घेतो आणि सुमारे 30 डाइनची पृष्ठऊर्जा, म्हणजे शाई पसरवून धरण्याची पृष्ठभागाची ताकद, 38 ते 42 पर्यंत चढते. हा संस्कार कायमचा नसतो. टिनाच्या तापलेल्या गोदामात काही महिने पडलेली शीट आपला गुण गमावते, थिनरने रगडून पुसली तरी तो जातो. काही शीटना तो एकाच बाजूला दिलेला असतो. तपासणी सोपी: पाण्याचा ओला बोळा फिरवावा. पाणी पसरून काही सेकंद टिकले तर शीट छापण्याजोगी, थेंब थेंब होऊन आकसले तर कितीही वाळवा, शाई निघणारच. पॉलिप्रॉपिलीनसाठी बनवलेलीच शाई लागते हे वेगळे सांगायला नको, तरी विनाइलची उरलेली शाई सनपॅकवर ओढण्याचा मोह अनेकांना होतो.

तिसरी, मधली वाट दोन भागांच्या शाईची. एपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनमध्ये हार्डनर मिसळला की रासायनिक प्रक्रियेने थर पक्का होतो, पेट्रोल-डिझेललाही दाद देत नाही. पण मिसळलेली शाई 25 अंशांना सहा-आठ तास चालत असली तर 40 अंशांना दोन-तीन तासांत डब्यातच घट्ट होते, आणि डिसेंबरच्या दहा-बारा अंशांच्या रात्री एपॉक्सीचे काम जवळपास थांबते. पूर्ण पक्की व्हायला पाच ते सात दिवस द्यावेत. एपॉक्सी उन्हात खडूसारखी भुरभुरते, तेव्हा ती धुऱ्यावरच्या पाटीसाठी नव्हे. पॉलियुरेथेनचा हार्डनर ओलाव्याशीच भांडतो, पावसाळ्यात फुगे धरतात. डबा उघडा ठेवू नये.

चौथी पद्धत प्रदूषणाच्या कायद्यांतून आली. लॉस एंजेलिसने 1966 मध्ये नियम 66 करून धुरके वाढवणाऱ्या द्रावकांवर मर्यादा आणली, 1973 च्या तेलसंकटाने द्रावक आणि भट्टीचे इंधन दोन्ही महाग केले. मग जवळपास द्रावकच नसलेली, अतिनील प्रकाशाने सेकंदात गोठणारी यूव्ही शाई बाजारात रुळली. शाईतला फोटोइनिशिएटर प्रकाश शोषून साखळी सुरू करतो. ओला थर तेवढाच वाळलेला थर, म्हणून जाळी बारीक लागते, सेंटीमीटरला 140 ते 165 धागे.

गावात अडचण दिव्याची. पाऱ्याच्या वाफेचा दिवा पूर्ण तेजावर यायला काही मिनिटे घेतो, आणि वीज गेली तर थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. पाच मिनिटांच्या खंडाने पंधरा मिनिटे जातात. व्होल्टेज पडले की प्रकाश कमी होतो, पण डोळ्याला ते कळत नाही. सुमारे हजार तासांनंतर दिवा जळताना दिसतो, अतिनील मात्र घटलेले असते. पाटी दिव्याखालून नेणाऱ्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला शाई वर कोरडी आणि तळाशी कच्ची निघते. काळा आणि दाट पांढरा रंग यात सर्वांत फसवे, कारण रंगद्रव्य स्वतःच प्रकाश गिळते. उलट जास्त भाजली तर वरचा रंग खालच्यावर धरत नाही. 365 ते 395 नॅनोमीटरच्या एलईडी दिव्यांनी ही गैरसोय बरीच कमी केली: बटण दाबले की चालू, उष्णता कमी, म्हणून पातळ शीट वाकत नाही. मात्र शाई त्या तरंगलांबीसाठीच बनवलेली हवी, जुन्या पाऱ्याच्या दिव्याची शाई एलईडीखाली बहुधा चिकटच राहते. कच्ची यूव्ही शाई त्वचेला बाधते, हातमोजे घालावेतच.

फ्लेक्सने मोठे फलक केव्हाच नेले. 1 जुलै 2022 पासून 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. स्क्रीनकडे राहिली ती एकाच मजकुराच्या शेकडो पाट्यांची कामे. तिथे दर गठ्ठ्यातल्या एका पाटीवर चोवीस तासांनी ब्लेडने एक-एक मिलिमीटरच्या उभ्या-आडव्या रेघा मारून चिकटपट्टी लावावी आणि झटक्यात ओढावी. चौकोन उडाले तर आधी शीट पाण्याने तपासावी, मग शाईचा डबा, आणि वाळवण्याचा वेळ सगळ्यात शेवटी वाढवावा.